संजीवनीवाल्यांचे अठरा संघ

चूक सुभानरावाची होती. गोष्ट सुरू व्हायच्या आधीच सांगून टाकतो. कारण गोष्टी सांगणारे म्हातारे शेवटी सगळा दोष नशिबावर ढकलतात आणि ऐकणारी पोरं माना डोलवतात. इथं नशिबाचा काही संबंध नव्हता. एक सुभानराव, आणि त्याच्या बैठकीत बसून 'वा, वा' म्हणणारे पांढऱ्या मिशांचे सात पंच. बस.

तर फार जुन्या काळी, इतक्या जुन्या की तेव्हाच्या राजांची नावंही कुणी लिहून ठेवली नाहीत, एका राज्याच्या मधून नदी वाहायची. नदीच्या दोन्ही काठांवर लोक हुतूतू खेळायचे. तीच मधली रेघ, तेच नऊ गडी, तोच एका दमात म्हटलेला हुतूतू. गडी बाद झाला म्हणजे मेला, हेही दोघांना मान्य. त्या मेलेल्या गड्याचं पुढं काय करायचं, यावर भांडण.

अलीकडच्या काठावर संजीवनी खेळत. आपला गडी मेला की तो बाहेर बसायचा. मग आपल्या कुणी समोरचा गडी मारला की हा उठून परत आत. पलीकडच्या काठावर गामिनी. तिथं मेला तो मेला. अख्खा संघ मरून लोण चढेपर्यंत त्यानं बाहेरच बसायचं.

एवढ्याशा गोष्टीवरून तीन पिढ्या सोयरिकी मोडल्या. संजीवनीवाले म्हणायचे, "गामिनीवाल्यांना काळीज नाही." गामिनीवाले म्हणायचे, "संजीवनीवाल्यांना मेल्यावरसुद्धा लाज नाही." दोन्हीकडची पोरं दुपारी नदीत एकत्र डुंबायची आणि वाळूत दोन्ही नियमांनी खेळायची. पण पोरांना कोण विचारतो?

भांडण राजापर्यंत गेलं. राजाला हुतूतूतलं काही कळत नव्हतं. त्याला भूक कळायची आणि झोप कळायची. तक्रारी ऐकता ऐकता एक दिवस त्याच्या जेवणाला उशीर झाला, आणि त्यानं वैतागून निकाल देऊन टाकला.

"दहा वर्षांनी राजधानीत एक सामना होईल. अर्धा डाव ह्यांच्या नियमानं, अर्धा त्यांच्या. जो हरेल त्याचा खेळ राज्यात कायमचा बंद. आता निघा, पान वाढलंय."

राज्यं अशीच चालतात.

सुभानराव हा संजीवनीवाल्यांचा मुख्य. तरुणपणी खरोखर चांगला गडी होता. खोटं कशाला बोला? आता मात्र पायांआधी पोट रेघेवर पोचायचं. त्यानं पंचांची बैठक बोलावली.

"आपले संघ किती?" त्यानं विचारलं.

"सहा."

"गामिनीवाल्यांचे?"

"पाच."

"मग आपण अठरा करू. बारा तर थेट पलीकडच्या काठावर. त्यांच्या दारात आपला ढोल वाजला, आपली निशाणं फडकली, की त्यांचीच माणसं आपल्या खेळाला येतील. दहा वर्षांत गामिनी खेळायला उरतंय कोण?"

"वा, वा," पंच म्हणाले.

त्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या पंचानं तेवढं विचारलं, "पण इतके गडी आणायचे कुठून?"

"गावागावांत पडलेत की."

"आणि ते संपले म्हणजे?"

सुभानराव मोठ्यानं हसला. "आबा, आपण संजीवनीवाले! आपला गडी मेला तरी उठतो. संपतोय कसला?"

सगळी बैठक हसली. म्हाताराही हसला. त्याला उत्तर पटलं नव्हतं. पण तेवढ्यात गूळ-शेंगदाणे आले, आणि पुन्हा विचारायचं राहून गेलं. डावाचा नियम या लोकांनी जगाचा नियम धरला, आणि आठ जाणत्या माणसांपैकी एकाच्याही ते ध्यानात आलं नाही.

पहिल्या वर्षी गावोगावचे तयार गडी नेले. दुसऱ्या वर्षी गावोगावचे वस्ताद नेले. अठरा संघांना अठरा नायक हवेत, निशाण धरायला माणूस हवा, सामन्याआधी ललकारी द्यायला कुणी हवा. ज्या वस्तादानं शंभर पोरं घडवली होती, तो आता भरजरी फेटा बांधून "सावधान, रावजी येत आहेत" असं ओरडायला लागला. तिसऱ्या वर्षी माती नेली.

हो, माती. पलीकडच्या काठावर नव्या मैदानांना उरलेली जागा नुसता कातळ होती. त्यावर पडलेला गडी दुसऱ्या दिवशी उठत नाही, मग तो कुठल्याही नियमानं खेळो. म्हणून सुभानरावानं हुकूम काढला: अलीकडच्या गावांतल्या मैदानांची माती गाड्यांत भरा आणि नव्या मैदानांवर टाका.

नदीच्या वळणावर एक गाव होतं. तिथली रीत अशी, की सुगी झाली की घरटी एक पाटी चाळलेली माती मैदानावर पडायची आणि गावातली सगळी पोरं ती पायांनी तुडवायची. चार पिढ्या असं चाललं होतं. त्या मैदानावर पाठीवर पडलं तरी हसू यायचं. वस्ताद गेल्यावर तिथल्या चाळीस पोरांना चांगुणा नावाची बाई शिकवायची. पन्नाशीची, काटक, तोंडानं फटकळ. ती पोरांना विहिरीभोवती चालायला लावायची आणि एका दमात दोन फेऱ्या झाल्याशिवाय रेघेला पाय लावू द्यायची नाही.

गाड्या आल्या त्याच्या दुसऱ्या दुपारी ती तडक बैठकीत गेली.

"सुभाना," तिनं हाक मारली.

पंच दचकले. सुभानराव तिच्याच गावचा. पण त्याला एकेरी हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं.

"बोला, चांगुणाबाई."

"बाई कधीपासून झाले रे मी? लहानपणी तीनदा मारलाय तुला. एकदा तर लंगोट सुटेस्तोवर धरून ठेवला होता."

एका पंचाला एकदम खोकला आला.

"कामाचं बोला," सुभानराव म्हणाला.

"गाड्या परत पाठव. खाली मुरूम लागलाय. आज सकाळीच दोघांचे गुडघे फुटले. उद्यापासून आया पोरांना सोडायच्या नाहीत."

"हा एका गावाचा प्रश्न नाही. सगळ्या खेळाचा आहे."

"आणि खेळ कुठं असतो? आभाळात?"

"आधी खेळ पसरू दे. दोन-चार वर्षांनी गावांकडं बघूच."

"दोन-चार वर्षांनी काय बघणार? दम आठव्या-नवव्या वर्षी बसतो, सुभाना. बाराव्या वर्षी शिकवायला घेतलं तर नुसती छाती फुगते. तुला ठाऊक आहे हे. ह्या सातांना नसेल."

त्याला ठाऊक होतं. म्हणून तर तो दोषी. न कळणाऱ्याला माफ करता येतं.

तो म्हणाला, "आम्ही तुम्हाला मान देऊ. नव्या मैदानावर पाहुण्यांना कुंकू लावायला एक वडीलधारी बाई हवीच आहे."

"पाहुण्यांना कुंकू तू लाव," चांगुणा म्हणाली. "मी पोरांच्या गुडघ्यांना हळद लावते."

माती गेली. मैदानाच्या जागी ढोपरभर खड्डा राहिला. पावसाळ्यात त्यात म्हशी बसायच्या. चांगुणानं पोरांना नदीच्या वाळूत नेलं. पण वाळूत पाय रुततो, चढाई होत नाही. चाळीसाची पंचवीस झाली. पंचविसाची अकरा. बाकीची गुरं राखायला गेली, कुणी विटीदांडूला लागली, कुणी नुसतीच पारावर बसायला लागली. आणि ती पारावर बसलेली दिसली की जाणारे-येणारे पंच म्हणायचे, "आजकालच्या पोरांत दमच राहिला नाही." ज्यांनी त्यांच्या पायाखालून माती उपसून नेली, तेच हे म्हणायचे. तोंड वर करून.

शेवटी चांगुणानं ती अकरा पोरं घेतली आणि पूल ओलांडला.

पलीकडं गामिनीचा एक वस्ताद रेघ आखत होता. त्यानं मान वर केली. "संजीवनीवाली इकडं कशी?"

"अकरा पोरं आहेत. दम मी बसवलाय. नियम तुम्ही शिकवा."

"तुझा खेळ सुटेल त्यांचा."

"ठाऊक आहे."

"मग?"

"खेळायचं सुटण्यापेक्षा माझा खेळ सुटलेला बरा."

वस्तादानं रेघ पुरी केली. मग म्हणाला, "आम्हाला फार शहाणे समजू नको, बाई. आमच्या म्हाताऱ्यांना तुमच्यासारखं काही सुचत नाही, म्हणून मैदानं शाबूत राहिली. एवढं मात्र आहे, की गेलेला गडी गेला, हे आम्ही पोरांना पहिल्याच दिवशी शिकवतो. त्यामुळं मागून एक तयार करत राहायची सवय लागली." त्यानं अकरा पोरांकडं बघितलं. "चला, आत या. चपला बाहेर."

चांगुणा पुलावरून एकटी परत आली. आयुष्यभर गामिनीवाल्यांच्या हातचं पाणी न प्यालेली बाई ती. त्या दिवसानंतर गावात तिच्याशी कुणी नीट बोललं नाही. फितूर म्हणाले तिला. कोण म्हणालं हे सांगायला नको.

इकडं अठरा संघ झोकात चालले होते. अठरा निशाणं, अठरा ढोलताशे. पलीकडचे लोक पहिल्या वर्षी ढोल ऐकायला आले, दुसऱ्या वर्षी घरूनच ऐकू येतो म्हणाले. गडी तेच ते. नवे येईनात, म्हणून एकच गडी सोमवारी लाल फेट्यात एका संघाकडून खेळायचा आणि गुरुवारी पिवळ्या फेट्यात दुसऱ्याकडून. एकदा एक जण चढाईला निघाला आणि रेघेवरच थांबून पंचांना विचारू लागला, "आज मी कुणाचा?"

लोक हसले. सुभानरावानं त्याला दटावलं आणि एकोणिसाव्या संघाचा विचार बोलून दाखवला.

"वा, वा."

दहा वर्षं सरली. राजधानीतल्या सामन्यासाठी अठरा संघांतून नऊ गडी निवडायला बसले, तेव्हा ज्यांचा दम पुरतो असे सात निघाले. उरलेले दोघे उंचीवर घेतले. सगळ्यात लहान गडी एकतीस वर्षांचा होता आणि त्याचा एक गुडघा बांधलेला होता.

समोर गामिनीचे नऊ आले. त्यांतले चौघे नदीच्या वळणावरच्या गावचे.

पहिला अर्धा डाव गामिनीच्या नियमानं झाला. संजीवनीवाले मागं पडले, पण फार नाही. जुने गडी होते, जपून खेळले. सुभानराव राजाशेजारी बसला होता. तो म्हणाला, "महाराज, आता बघा. आता आमचा नियम. आता मेलेले उठतील."

दुसरा अर्धा डाव सुरू झाला. गामिनीकडून पहिला गडी चढाईला आला, आणि सुभानरावाच्या हातातलं पान तसंच राहिलं. खालच्या पट्टीतला, घाई नसलेला, नाकातून घुमणारा तो हुतूतू राज्यात एकाच गावात म्हणत. पोरगा दोघांना शिवून परत गेला, तरी त्याचा दम चालूच होता. दुसरा आला, त्यानं एकाला मारलं. तिसऱ्यानं दोघांना. संजीवनीचे गडी चढाईला जात, चार पावलांवर त्यांचा श्वास तुटे, आणि तिथंच पकड बसे.

बाहेर बसलेले पाच झाले. सात झाले.

सुभानराव जागेवरून उठला. "उठा!" तो ओरडला. "उठा की रे! आपला नियम आहे!"

बाहेर बसलेल्यांतला एक धापा टाकत म्हणाला, "कसं उठू, रावजी? त्यांचा कुणीतरी मरायला नको का?"

लोण चढलं. पुन्हा नऊच्या नऊ आत आले, पुन्हा बाहेर बसले. दुसरं लोण चढलं. तिसरं चढताना राजा घोरत होता, त्याला उठवून निकाल विचारावा लागला.

त्याच दिवशी दवंडी पिटली गेली. संजीवनी बंद.

गर्दीत चांगुणा होती. चौघे धावत तिच्या पाया पडायला आले. तिनं चौघांच्या डोक्यांवर हात ठेवला आणि तिथंच खाली बसून रडली. पोरं तिची जिंकली होती आणि खेळही तिचाच मेला होता. दोन्ही एकाच हातानं झालं, आणि तो हात तिनंच घडवला होता. तिच्या वाट्याला हे आलं, कारण तिच्या म्हणण्याकडं सात वर्षांपूर्वी कुणी लक्ष दिलं नाही.

पंचांना काहीच झालं नाही. पंचांना कधी काही होत नाही. कुणी वाऱ्याला दोष दिला, कुणी मुहूर्ताला, आणि सगळ्यांनी मिळून पोरांना. पलीकडच्या काठावरच्या म्हाताऱ्यांनी आठ दिवसांत बैठक घेतली. संजीवनीवाल्यांची बारा मैदानं आपल्याकडं आयती रिकामी पडलीत, तर आपणही अठरा संघ करू, असं एक जण म्हणाला. बाकीचे काय म्हणाले ते तुम्हीच सांगा.

लहानांनो, तुम्ही हे लक्षात ठेवा. मोठ्यांनो, तुम्ही ठेवणार नाही, तरी ऐका: जो पोरांच्या पायाखालची माती काढून मोठ्यांची मैदानं सजवतो, त्याच्या मैदानात उतरायला उद्या कुणी नसतं.

सुभानराव त्यानंतर अकरा वर्षं जगला. त्या अकरा वर्षांत त्याला त्याच्या खेळाचा एक डावही बघायला मिळाला नाही.