भरलेला हौद

फार पूर्वी, राजे डोंगरमाथ्यावर राहत आणि पाणी पायथ्याशी असे, त्या काळची ही गोष्ट.

एका गडावर वीस पाणके होते. चामड्याची पखाल पाठीवर घेऊन ते तळ्याचे पाणी गडावरील हौदात आणीत. वाटेवरील तीस पायऱ्या ढासळल्या होत्या. त्यांवरून घसरून दोघे जण दगावले. त्यांपैकी एकाची पत्नी तानूबाई आता स्वतः पखाल वाही. तिचा एकुलता मुलगाही तीच वाट चढे.

किल्लेदाराने पायऱ्या बांधून द्याव्यात, म्हणून पाणक्यांनी एक दिवस काम बंद ठेवण्याचे ठरविले. परंतु सुटीच्या आदल्या दिवशी हौद काठोकाठ भरून ठेवण्याची त्यांची रीत होती. ती मोडणे त्यांना कमीपणाचे वाटले. त्यांनी दुप्पट खेपा केल्या आणि दुसऱ्या दिवशी महाद्वारात ठाण मांडले.

किल्लेदार हसून म्हणाला, "बसा, बसा! काल फार दमलात."

सायंकाळी एक पाणक्या ऐटीत म्हणाला, "आज चांगलीच जिरवली!"

"कुणाची रे, हौदाची?" तानूबाई उसळली. "किल्लेदार आज दोनदा न्हाला!"

पुढच्या वेळी काम बंद करताना तिच्या सल्ल्याने हौद आधी भरला नाही. आजारी माणसे व लेकरे यांचे पाणी चालू ठेवून प्रथम बागेचे व स्नानाचे पाणी थांबविले. तीन दिवसांनी तबेल्याचे, आणखी तीन दिवसांनी मुदपाकखान्याचे. दर वेळी मागणी तीच.

किल्लेदाराने शिपाई पाण्याला धाडले. त्यांचा नाईक पाचव्याच पायरीवरून घसरला आणि लंगडत परतला. "सरकार, लढाईला पाठवा, पण ह्या वाटेने पाणी नको!"

मग किल्लेदाराने निरोप दिला, "पायऱ्यांचे पाहू. आधी कामावर या."

काही जण उठलेदेखील. तानूबाई म्हणाली, "खाली बसा. माझ्या धन्यालाही 'पाहू' असेच सांगितले होते."

ते बसले. दहाव्या दिवशी गवंडी आले. तिसावी पायरी पक्की होईपर्यंत एकाही पाणक्याने बागेची, स्नानाची, तबेल्याची वा मुदपाकखान्याची पखाल उचलली नाही. त्यानंतर त्या वाटेवर कुणाचाही जीव गेला नाही.

तात्पर्य: एका दिवसाचा निषेध सत्तेला सहज सोसतो, मागणी पुरी होईपर्यंत टिकलेला आणि पायरीपायरीने वाढविलेला दबावच तिला नमवितो.