पंगतीचे टोक

एका राज्यात अन्न कधी उणे पडत नसे, तरीही अर्धी पंगत उपाशी उठे. सुगीला राजाच्या मंतरलेल्या पातेल्यात गूळभात शिजे आणि साऱ्या मुलखाची एकच पंगत बसे. वाढपी राजघराण्याच्या पानांपासून आरंभ करीत आणि तिथे ढीग वाढीत. टोकाला पोहोचेपर्यंत पातेल्यात नुसती पळी वाजे.

एकदा टोकाला एक जादूगारीण बसली होती. रिकाम्या पत्रावळीवरून उठताना तिने शाप दिला : पुढल्या सुगीला राज्याची वारस, राजकन्या शर्वाणी, दगड होईल. शर्वाणीची बोटे तत्क्षणी थिजली.

सुगी जवळ आली, तेव्हा दगड मनगटापर्यंत चढला होता. राजवाड्यातली साळुंकी म्हणाली, "शाप उतरायला हवे मीठ, गूळ, तांदूळ. जो पिकवतो, त्याच्याच घरचे चिमूटभर आण."

मिठागरातली म्हातारी म्हणाली, "मीठ आमच्या टाचांच्या भेगांत आहे, बाईसाहेब. जिभेवरचे तुमच्या वाड्यात गेले." ती लपवते आहे असे समजून शर्वाणीने शिपायांकरवी मडकी उपडी केली. अळणी पेज सांडली. दगड कोपराला भिडला.

गुऱ्हाळावर गुळव्याने हात जोडले. ढेपा राजकोठाराकडे गेल्या होत्या. या वेळी तिने मडक्यांना हात लावू दिला नाही. दगड खांद्यावर आला.

भातखाचरांपाशी पोरे उकडलेले कंद खात होती. तांदूळ मागताच एका मुलीने कुतूहलाने विचारले, "ताई, तो शिजल्यावर कसा लागतो?"

शर्वाणी रित्या हाताने मागे फिरली.

सुगीच्या दिवशी ती परतली. दगड उरापर्यंत आला होता, श्वास पुरत नव्हता.

"काय आणलेस?" साळुंकीने विचारले.

"काही नाही. त्यांच्या घरी ते नाहीच."

"मग कुठे आहे?"

समोर पातेले वाफाळत होते. शर्वाणी म्हणाली, "हे दोराने माझ्या गळ्यात बांधा. मी टोकापासून निघते."

प्रधान आडवा आला. "महाराजांना कमी पडले तर?"

"पडू द्या."

टोकाला ती खाचरांवरची मुलगी होती. तिने पळी घेतली आणि शर्वाणीसोबत वाढत निघाली. आपल्याला पुरेल ना, हे पाहायला पंगतीतला प्रत्येकजण मान वाकवून पातेल्यात डोकावत होता. महाराजांच्या पानात शेवटची पळी पडली. त्यांनी एकवार पातेल्याकडे पाहिले आणि मुकाट्याने जेवू लागले.

शर्वाणीसाठी तळाची खरवड तेवढी उरली. भुकेने तिचा दगडी हात नकळत हलून पातेल्यात गेला, आणि बोटांनी खरवड खरवडली. दगडाचे कपचे पानावर गळून पडले.

तेव्हापासून त्या राज्यात वाढपी टोकापासून निघतात, आणि राजघराण्यातले प्रत्येक मूल आपली पहिली सुगी टोकाला बसून जेवते. टोकाचे पान भरले, आपली कथा सरली.