रांग नसलेलं राज्य

एकमेकांना खेटून दोन श्रीमंत राज्यं होती. चंदनगडात सरकारी वैद्य सगळ्यांना फुकट तपासायचे, पण त्यांच्या दारात रांग लागायची. रत्नपुरात लोक दरवर्षी हमीदाराकडे पैसे भरायचे आणि वैद्याचा खर्च तो उचलायचा. आजारी पडलं की आधी हमीदाराची परवानगी, मग वैद्य!

एकदा रत्नपूरचा प्रधान चंदनगडच्या भर दरबारात मिशीला पीळ देत म्हणाला, "तुम्ही रांगेत कुजता! माझ्या नगरीत रोग्यांची एक रांग दाखवा, हे पागोटं पायाशी ठेवीन."

"चला, दाखवते," म्हणत दरबारी गायिका सगुणा उठली. तिची थोरली बहीण रत्नपुरात नांदत होती. ती आजारी असल्याचा निरोप कालच आला होता.

सगुणाने प्रधानाला थेट हमीदाराच्या वाड्यासमोर नेलं. कण्हणाऱ्या, खोकणाऱ्या माणसांची ओळ ओसरीवरून पार रस्त्यापर्यंत आली होती. तिची बहीण तापाने फणफणून फरशीवर पडली होती.

"हे रोगी कुठले?" प्रधान म्हणाला. "हे तर परवानगी मागायला आलेले लोक. वैद्याच्या दारात बघ, चिटपाखरू नाही!"

"रोगी नाहीत?" सगुणा कडाडली. "मग यांना उठून घरी जायला सांगा."

प्रधानाने ऐटीत हुकूम सोडला. कुणीच उठलं नाही. उठायची ताकद होती कुणात? शेवटी त्याने पागोटं उतरवलं आणि तो तिच्या पायाशी वाकला.

"माझ्या पायाशी नको," सगुणा म्हणाली. "ताईच्या डोक्याखाली द्या. तिची परवानगी अजून यायचीय."