आठ विजय मोठे की सहा

सागाच्या एका दाट जंगलात एक वयस्क सायाळ राहत असे. जंगलात तिचा शब्द कोणी खाली पडू देत नसे, आणि हे तिला चांगलं ठाऊक होतं. विनय हा काही तिचा गुण नव्हता. पण ती खोटं बोलत नसे, म्हणून विनयाची उणीव सगळ्यांनी चालवून घेतली होती.

त्या जंगलात हिवाळाभर झेल्याचा खेळ रंगे. मुलांनो, आपल्याकडे आंबे उतरवायला लांब काठीच्या टोकाला जाळी लावलेला झेला असतो ना, तसाच झेला प्रत्येक खेळाडूजवळ असे. वेलींचा गच्च वळलेला चेंडू जाळीत झेलायचा, धावत न्यायचा आणि पलीकडच्या दोन दगडांमधून मारून गोल करायचा. चेंडूला पंजा लावायचा नाही. प्रत्येक संघाने दहा सामने खेळायचे. कोणाशी आणि कुठे, ते ज्याने त्याने ठरवायचं. उन्हाळा तोंडावर आला की सायाळ पहिल्या चार संघांची यादी जाहीर करी. या चौघांची तळ्याकाठी मोठी स्पर्धा होई आणि त्यांच्या सगळ्या गोतावळ्याला उन्हाळाभर तिथेच मुक्काम करायला मिळे. बाकीच्यांनी डोंगरावरच्या बारक्या झऱ्यावर भागवायचं. तेव्हा चौथं कोण आणि पाचवं कोण, हा प्रश्न नुसता मिरवण्याचा नव्हता. तो घशाच्या कोरडीचा होता.

यादी करण्याची सायाळीची रीत अगदी सरळ होती. ज्याचे विजय जास्त, तो वर. "आकड्याला ना नातं ना गोतं," असं ती मोठ्या ठसक्यात सांगे, आणि ऐकणारे माना डोलावत.

त्या वर्षी पहिल्या तीन जागांबद्दल कोणाचंच दुमत नव्हतं. लांडगे, वानर आणि रानडुकरं. चौथी जागा चालली होती सायाळींच्याच संघाकडे. संघाचा नायक होता तिचा सख्खा भाचा, आणि त्याच्या नावावर दहापैकी आठ विजय होते. पाचवी होती पठारावरची मुंगसं. त्यांचे विजय सहा.

यादीच्या दिवशी सकाळी सगळे जांभळीखाली जमले. सायाळ नावं वाचणार इतक्यात मुंगसांचा नायक पुढे आला. त्याचा एक कान फाटलेला होता, आणि तो काही पडल्याने फाटलेला नव्हता.

"आजी," तो म्हणाला, "आमचे सहा आहेत, कबूल. पण आम्ही कोणाशी खेळलो ते तुम्ही एकदा तरी विचारा."

गर्दीत कुजबुज झाली. मागून एक कोल्हा म्हणाला, "घरचा संघ आहे म्हटल्यावर कशाला विचारतील?"

हे मात्र सायाळीला झोंबलं. तिचे काटे ताठ उभे राहिले आणि शेजारचे चार ससे लगबगीने मागे सरकले. आपली यादी चोख आहे याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. ती सर्वांदेखत सिद्ध करायची असं तिने तिथल्या तिथे ठरवलं.

परतीच्या वाटेवर निघालेला एक करकोचा तळ्यावर उतरला होता. त्याला या जंगलातलं कोणी ओळखीचं नव्हतं. सायाळीने त्याला बोलावून घेतलं आणि सगळ्यांना बजावलं, "मी दोन संघांची माहिती सांगेन. त्यांची नावं सांगणार नाही. मधे कोणी तोंड उघडायचं नाही." मग करकोच्याकडे वळून ती म्हणाली, "पाहुणे, पहिल्या संघाने दहापैकी आठ सामने जिंकले, दुसऱ्याने सहा. वरचढ कोण?"

"आठवाला," करकोचा म्हणाला. सायाळीने ऐटीत सभोवार पाहिलं. पण करकोच्याने एक पाय पोटाशी घेतला आणि मान वाकडी केली. "थांबा हं. हे आठ विजय कोणावर?"

"चार सशांवर, दोन लाव्यांवर, एक उंदरांवर, एक भेकरांवर."

"आणि हरले कोणाशी?"

"कोल्ह्यांशी. दोन्ही वेळा."

"दुसऱ्या संघाने काय केलं?"

"कोल्ह्यांना दोनदा हरवलं," सायाळ म्हणाली. तिचा आवाज थोडा खाली आला होता. "तरसांना दोनदा, भेकरांना एकदा, आणि रानडुकरांना एकदा. हरले ते लांडग्यांशी आणि वानरांशी."

"भेकरांशी दोघेही खेळले म्हणता. कितीने जिंकले?"

"पहिला संघ एका गोलने. दुसरा पाचने."

"कोणाच्या मैदानावर?"

आता इथे सायाळ क्षणभर घुटमळली. या प्रश्नाचं उत्तर तिला येत होतं. ते द्यायचं तिच्या जिवावर आलं होतं. समोर भाचा उभा होता, त्याच्यामागे त्याची पिल्लं, आणि त्यांच्यामागे झऱ्याकडे जाणारा उघडाबोडका चढ. एखादा शब्द इकडचा तिकडे केला असता तरी कोणाच्या लक्षात आलं नसतं. पण खोटं बोलायची सवय नसली की ऐन वेळी जमत नाही.

"पहिला संघ सगळे सामने आपल्याच मैदानावर खेळला," ती म्हणाली. "दुसरा संघ भेकरांच्या मैदानावर जाऊन जिंकला."

करकोच्याने पाय खाली टेकला. "बाई, मग मला कशाला विचारता? पहिल्या संघाला मी पाहुणा म्हणून जेवायला बोलवीन. खेळायला दुसऱ्यालाच बोलवायला हवं." एवढं बोलून तो निघून गेला, कारण त्याला अजून पुष्कळ लांब जायचं होतं.

सायाळीला सगळं लख्ख दिसत होतं आणि तिला स्वतःचा मनापासून राग आला होता. इतकी वर्षं आपण नुसते विजय मोजत बसलो, आणि वर त्याचा तोरा मिरवला.

"चौथा संघ," ती स्वच्छ आवाजात म्हणाली, "मुंगसांचा."

भाचा तडक पुढे आला. "आत्या, हा कुठला न्याय? तुझा नियम होता, जास्त विजय तो वर. म्हणून आम्ही सोपे संघ शोधून शोधून खेळलो. आम्ही चोरी केली का?"

"नाही. चोरी नाही केली," सायाळ म्हणाली. "नियम वेडा होता आणि तो माझा होता. म्हणून तुला रागावणार नाही. पण माझी चूक आज मला कळली. त्या चुकीपायी मुंगसांच्या पिल्लांनी उन्हात वणवण करायची, हे माझ्याच्याने होणार नाही."

"मग आमच्या पिल्लांनी करायची?"

"हो. आणि मी करणार. यादी करणारीला तळ्याकाठी मानाची जागा असते, ती मी आजपासून सोडली. चल, ऊन चढायच्या आत डोंगर गाठू."

सायाळ पुढे झाली, तिच्यामागे तिचा सगळा गोतावळा चढाला लागला. तो उन्हाळा कडक गेला. झऱ्याला पाणी कमी आणि तोंडं जास्त. भाचा महिनाभर आत्याशी धड बोलला नाही, आणि तिनेही त्याची मनधरणी केली नाही. पाण्याची पाळी आली की मात्र ती सगळ्यांत शेवटी उभी राही.

पुढचा हिवाळा आला. पहिल्याच सामन्याहून भाचा लंगडत परतला. सायाळ बिळाच्या तोंडाशी मुळं सोलत बसली होती.

"कोणाशी खेळलास?" तिने विचारलं.

"लांडग्यांशी. त्यांच्याच मैदानावर."

"किती गोल खाल्ले?"

"बारा."

"आणि केले किती?"

"चार."

सायाळीने हातातलं मूळ खाली ठेवलं. "लांडग्यांवर चार?"

"चार," भाचा म्हणाला. गेल्या वर्षी सशांना हरवून आल्यावर तो इतक्या ताठ मानेने कधी बोलला नव्हता. "परवा वानरांशी आहे. येशील ना बघायला?"

"येते की," सायाळ म्हणाली, आणि मोठं मूळ तिने त्याच्यापुढे सरकवलं.

तात्पर्य : कोण किती वेळा जिंकला एवढं पाहून थोरवी ठरत नाही, कोणाशी, कुठे आणि कसा झुंजला हे पाहावं लागतं, आणि ते माप आपल्या माणसांनाही तसंच लावावं लागतं.