डबडीचं झाकण

पहिल्यांदा नुसता वास आला.
तापलेल्या तव्यासारखा.
मग खालून आवाज आला. टप टप. टप टप.
टिंगी दचकली.

टिंगी म्हणजे एक इवलीशी चिचुंद्री. नाक लांब, शेपूट लांब आणि जीव सुपारीएवढा. तिची एक गाडी होती. तिचं नाव डबडी. डबडी जुनी, पत्र्याची, पण भारी बोलकी. चढ आला की गाणं म्हणायची. उतार आला की हसायची. दोघी निघाल्या होत्या टिंगीच्या आईकडे.

"डबडे, ए डबडे, ऐकतेस का गं?"
डबडी म्हणाली, "फुस्स."
पांढरी पांढरी वाफ आली. डबडी थांबली. भर उन्हात, भर रस्त्यात.
"डबडे, ए डबडे, ऐकतेस का गं?"
डबडी काही बोलली नाही.

टिंगी डबडीभोवती फिरली. आता ही कधी बोललीच नाही तर?
सकाळीच तर डबडीला 'झटपट' नावाच्या गॅरेजात नेलं होतं. तिथल्या माकडाने पाणी भरलं होतं. फट फट, झालं, निघा.

टिंगी परत गॅरेजात निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"माकडदादा, माकडदादा,
माझी डबडी बोलत नाही."

माकड या गाडीवरून त्या गाडीवर उड्या मारत होतं.
"झाकण लावायचं राहिलं वाटतं. पाणी सगळं सांडलं असणार. होतं गं असं. गर्दी बघ ना किती."
"मग आता लाव ना."
"कशाने लावू? चकचकीत दिसलं म्हणून कावळ्याने नेलं. झाकण दे, मग येतो."

टिंगी कावळ्याकडे गेली. तुरुतुरु, तुरुतुरु.
"काव," कावळा म्हणाला. टिंगी दचकली.

"कावळेदादा, कावळेदादा,
माकड म्हणतं, झाकण दे.
आणि माझी डबडी बोलत नाही."

"ते होय? त्यात मी पिल्लांना भात वाढतो. ते नेलंस तर माझी पिल्लं काय, फांदी चाटतील? करवंटी दे, मग देतो."

टिंगी माडाकडे गेली. तुरुतुरु... तुरुतुरु...
धप्प. वरून झावळी पडली. टिंगी दचकली.

"माडआजोबा, माडआजोबा,
कावळा म्हणतो, करवंटी दे.
माकड म्हणतं, झाकण दे.
आणि माझी डबडी बोलत नाही."

"करवंट्या पुष्कळ पडल्यात माझ्या पायाशी," माड म्हणाला. "पण बाळ, घसा कोरडा पडलाय माझा. पाणी दे, मग देतो."

टिंगी हापशाकडे गेली. तुरु... तुरु... तुरु...
कुंईऽऽक. हापसा कण्हला. टिंगी दचकली, पण थोडीशीच. दचकायचाही कंटाळा आला होता.

"हापसेकाका, हापसेकाका,
माड म्हणतो, पाणी दे.
कावळा म्हणतो, करवंटी दे.
माकड म्हणतं, झाकण दे.
आणि माझी डबडी बोलत नाही."

"पाणी खाली खूप आहे गं," हापसा म्हणाला. "पण माझा दांडा गंजलाय. वर होत नाही, खाली होत नाही. तेल दे, मग देतो."

तेल मिळतं घाण्यावर. घाणा फिरवतो बैल.
टिंगी बैलाकडे गेली. तुरु...... तुरु......
पाय दुखले. शेपूट मातीत लोळली.

"बैलोबा, बैलोबा,
हापसा म्हणतो, तेल दे.
माड म्हणतो, पाणी दे.
कावळा म्हणतो, करवंटी दे.
माकड म्हणतं, झाकण दे.
आणि माझी डबडी बोलत नाही."

बैल घाण्याभोवती गोल गोल फिरत होता. तो थांबला. त्याने मोठ्ठा सुस्कारा सोडला.
"तेल देतो. पण माझ्या कानात खाज येते गं. शेपूट पोचत नाही. शिंग पोचत नाही. जो येतो तो घाईघाईत खाजवतो आणि पळतो. तू सावकाश खाजव, मग देतो."

टिंगीने मान वर केली. केवढा मोठा बैल. केवढा मोठा कान. आणि ती केवढीशी.
ती दमली होती. तरी चढली. कानात शिरली.
खर खर. खर खर. अगदी सावकाश.
"आहाहा," बैल म्हणाला. त्याने डोळेच मिटले.

बैलाने तेल दिलं. पानावर, थेंबभर.
तेल मिळालं हापशाला. कुंईक थांबलं. खळखळ पाणी आलं.
पाणी मिळालं माडाला. गट गट प्यायला. म्हणाला, "घे बाळ, हवी ती घे."
करवंटी मिळाली कावळ्याला. सगळी पिल्लं तिच्यात मावतील, इतकी मोठी.
झाकण मिळालं टिंगीला.
टिंगीने झाकण माकडाला दिलं.

माकड पाण्याचा डबा घेऊन निघालं. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. टिंगी मागे. तुरु...... तुरु......

डबडी तिथेच उभी होती. मुकी.
"हे बघ," माकड म्हणालं, "गार पाणी ओततो, फट फट, झालं."
"थांब," टिंगी म्हणाली. तिने पंजा लावून पाहिला. चटका बसला. "अजून तापलीय. निवू दे तिला."
"गॅरेजात गर्दी आहे माझ्या."
"असू दे. बस इथे."

माकडाला बसायची सवयच नव्हती. ते बसलं. शेपूट आपटली. कान खाजवला. जांभई दिली.
टिंगीही बसली. ऊन कललं. रस्त्यावर सावली आली.
टिंगीने पुन्हा पंजा लावला. चटका नाही.
"आता ओत. सावकाश."
बुडुक बुडुक. बुडुक बुडुक. डबडी पाणी प्यायली.
माकडाने झाकण लावलं.
"नीट फिरव."
माकडाने नीट फिरवलं.
"हलवून बघ."
"नाही हलत गं बाई," माकड म्हणालं.

टिंगी डबडीच्या कुशीत शिरली. तिने नाक पत्र्याला टेकवलं. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता.
"डबडे, ए डबडे, ऐकतेस का गं?"

गुर्र.
गुर्र... गुर्र...

"ऐकतेय गं," डबडी म्हणाली.