समजा, वणवा लागला

मुलांनो, ही गोष्ट मी तुमच्याएवढा असताना ऐकली. कळप गव्यांचा होता की सांबरांचा, याबद्दल आता मनात थोडी शंका येते. पण गव्यांचाच असावा.

तर, डोंगरउतारावरच्या एका जंगलात गव्यांचा कळप राहत असे. एक म्हातारी मादी त्याची पुढारी होती. सगळे तिला आजी म्हणत. आपल्यामागे नातीने कळप सांभाळावा असे तिला वाटे. पण नात भारी भिडस्त. म्हणून आजीने एक खेळ काढला. चरता चरता ती मध्येच ओरडे, "समजा, खालून वणवा आला! ने आम्हाला!" मग सगळा कळप नातीच्या मागे धावे.

पहिल्या खेपेला नात थेट माथ्यावरच्या उघड्या कातळाकडे सुटली. वर पोहोचून पाहते तो वासरे अर्ध्या चढावर धापा टाकत उभी. "वासरं मेली," आजी म्हणाली. "आता पुन्हा." दुसऱ्या खेपेला नातीने वाट बदलली, तर आजीच मुद्दाम ओरडली, "तिकडे नाही, वर चला!" नात गोंधळून वर वळली.

"आता तर सगळेच मेलो," आजी म्हणाली.

"पण आजी, तूच म्हणालीस ना!"

"मी म्हणाले म्हणून? पुढारी तू होतीस की मी?"

एक तरणा गवा फिदीफिदी हसला. "बाईसाहेब, आज अजून किती वेळा मरायचंय? मला चरायचंय."

नात खजील झाली, पण तिने खेळ सोडला नाही. हळूहळू ती वासरांना मध्ये घ्यायला शिकली. मागे कोण राहिले ते वळून पाहायला शिकली. माथ्याकडे न चढता आडवे जाऊन कोरड्या ओढ्याच्या दगडगोट्यांत कळप उभा करणे तिला जमू लागले.

उन्हाळ्यात एके दुपारी खालून खरोखरच धूर आला. गवत तडतडू लागले, कळप बिथरला. "वर चला! कातळावर चला!" आजी ओरडली. सगळ्यांची तोंडे वर वळली. नात आजीच्या वाटेत आडवी उभी राहिली.

"नाही आजी! वासरं चढणार नाहीत. आडवं चला, ओढ्यात!" मग तरण्या गव्याला म्हणाली, "तू सगळ्यांच्या मागे राहा. एकही वासरू सुटता कामा नये."

"बरं, बाईसाहेब," तो म्हणाला. या वेळी तो हसला नाही.

कळप ओढ्यात उतरतो न उतरतो तोच आग शेजारून भडकत माथ्याकडे गेली. सगळी वासरे सुखरूप होती.

धूर निवळल्यावर नातीने हळूच विचारले, "आजी, आज तू मुद्दामच चुकीचं सांगितलंस ना?"

"नाही गं. आज मी खरंच घाबरले होते," आजी म्हणाली. मग मान ताठ करून तिने कळपाला सांगितले, "उद्यापासून पुढे ही चालेल. ही माझी नात आहे. मी वासरांबरोबर येईन."

तात्पर्य : खोट्या संकटात चुकत चुकत जो शिकतो, तोच खऱ्या संकटात वेळ पडल्यास मोठ्यांनाही अडवून सर्वांना वाचवतो.

आणि वणवा उतारापेक्षा चढावर कितीतरी वेगाने धावतो, हे मी पुढे पुष्कळ वर्षांनी वनखात्यातल्या दोघांना वेगवेगळे विचारून पक्के केले. नातीचे बरोबर होते.