कडेने दिसणारा पडदा

"...ते सगळं खरं बुवा, पण तिन्हींतलं सोडायचं काय, तेवढं सांगा."

विराजला मॉनिटरमधलं सगळं कळतं, हे अख्ख्या आळीला ठाऊक होतं. त्याला स्वतःला जरा जास्तच ठाऊक होतं. नवा मॉनिटर घ्यायचा तर लोक आधी त्याच्या दारात, मग दुकानात. आणि आज तोच कृष्णाकाठच्या मठात, साधा मोबाइलही न बाळगणाऱ्या अच्युतबुवांपुढे अडून बसला होता.

"गेमला चपळ पडदा हवा. रोजच्या कामाला डोळ्यांना न टोचणारा. आणि कडेने पाहिलं तरी रंग न उडणारा. माझ्या ऐपतीत दोनच बसतात."

"कडेला कोण बसतं?"

"आता... कुणी नाही."

"आधी?"

विराज सतरंजीचा सुटलेला दोरा ओढत राहिला.

"अण्णा." त्याचे वडील पौषात गेले होते. "मी खेळायला लागलो की कॉटच्या कडेवर येऊन बसायचे. 'वा, मारलास की!' म्हणायचे. मीच मेलेला असायचो. मग मी खेकसायचो, कळत नाही तर बोलू नका म्हणून."

"मग?"

"परवा त्यांच्या जागेवर बसलो. तिथून काही दिसतच नाही, बुवा. सगळं पांढुरकं, फिकट. मी चपळ बघून निवडला होता, समोरून झकास दिसायचा. गावाला अक्कल वाटत फिरलो, आणि कडेला बसून एकदाही पाहिलं नाही. इतकी वर्षं त्या माणसाने नुसतं धुकं पाहिलं... आणि एका शब्दाने बोलले नाहीत."

"म्हणून आता कडेने दिसणारा घ्यायचा?"

"निदान तेवढं तरी."

"आणि बसणार कोण?"

विराजला स्वतःची भयंकर लाज वाटली.

बुवा गुडघ्यावर हात रोवून आसनावरून उठले. सावकाश येऊन त्याच्या डाव्या अंगाला टेकले. विराज त्यांच्याकडे वळायला लागला.

"समोर बघ."

समोर मठाची भिंत होती. तिच्यावर साधी तसबीरही नव्हती. बराच वेळ दोघंही तसेच बसून राहिले...

"मी त्यांना धड काही दाखवलंच नाही, बुवा."

"वेड्या," बुवा म्हणाले, "अण्णा पडदा बघायला बसायचे, असं तुला कुणी सांगितलं?"